कॉम्प्रेसरचा पंप जाम होण्याआधी या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात एका गॅरेजवाल्याचा २ एचपीचा हवेचा कॉम्प्रेसर माझ्याकडे आला. "अचानक जाम झाला हो!" अचानक कसला! तळाचा नट सोडला तर ऑइलऐवजी दूध जास्त झालेल्या चहासारखं काहीतरी गळायला लागलं. आत पिस्टन वरखाली करणाऱ्या क्रँकच्या पिनला कनेक्टिंग रॉडचं ॲल्युमिनियम चिकटून बसलेलं. ऑइल ग्लासवर, म्हणजे पंपातलं ऑइल दाखवणाऱ्या काचेवर, धुळीचा असा थर, की आतलं ऑइल महिनोन्‌महिने कुणी पाहिलंच नसणार. प्रेशरचा काटा मात्र दिवसातून दहा वेळा बघायचे. पंपाचं दुखणं काट्यावर दिसतं ते शेवटी. आधी दिसतं ते त्या काचेत.

उरलेलं इंजिन ऑइल ओतणं

ही चूक सगळ्यात जास्त होते. गाडीचं २०-डब्ल्यू-४० शिल्लक असतं, मग "ऑइल ते ऑइल". इंजिन ऑइलमध्ये डिटर्जंट असतो. त्याचं काम काजळी तळाला बसू न देता ऑइलमध्येच तरंगत ठेवणं. पुढे ती फिल्टरमध्ये अडकते. आपल्या छोट्या पंपाला ऑइल फिल्टरच नाही. शिवाय तो डिटर्जंट पाण्यालाही तळाशी बसू देत नाही, ऑइलमध्येच घोळवतो. वर हेडमध्ये, म्हणजे सिलेंडरच्या झाकणात, या ऑइलचा कार्बन व्हॉल्व्हच्या पट्ट्यांवर साचतो. पट्टी नीट बसली नाही की दाबलेली गरम हवा परत सिलेंडरमध्ये येते, हेड आणखी तापतं आणि आणखी कार्बन धरतो. टाकीकडे जाणाऱ्या डिलिव्हरी पाइपात साचलेला कार्बन पेट घेऊ शकतो, ही नुसती भीती घालायची गोष्ट नाही.

डिटर्जंट नसलेलं कॉम्प्रेसर ऑइलच घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्याला बहुतेक पिस्टन पंपांत आयएसओ व्हीजी १०० (हा ऑइलच्या दाटपणाचा ग्रेड) चालतं. पण मशीनच्या पुस्तकात वेगळा ग्रेड असेल तर पुस्तक खरं. मिनरल आणि सिंथेटिक एकमेकांत मिसळू नका. आणि पंप ऑइल-फ्री, म्हणजे ऑइलशिवाय चालणारा, असेल तर त्यात ऑइल घालूच नका! "जरा आवाज येतो" म्हणून फिल्टरमधून चार थेंब सोडणारे महाभाग मी पाहिलेत.

लेव्हल: कमीही नको, काठोकाठही नको

अशा पंपात ऑइल पंप नसतो. रॉडच्या खाली पळीसारखी पट्टी असते, ती फिरताना ऑइल उडवते. लेव्हल उतरली की पळी कोरडीच फिरते. जास्त भरलं तर पंप ऑइल फेकतो, ते हवेबरोबर स्प्रे गनपर्यंत जातं आणि बॉनेटवरच्या ताज्या रंगाला बारीक खड्डे पडतात. मग शिव्या पेंटरला. मशीन सपाट जागी, बंद करून थोडं थांबून बघा. लेव्हल काचेवरच्या लाल ठिपक्याच्या मध्यावर हवी.

नुसतं वरून भरत राहणं म्हणजे ऑइल बदलणं नव्हे. नव्या पंपाचं पहिलं ऑइल साधारण ५० तासांनी काढा, कारण नव्या रिंगांचा चुरा त्यात असतो. पुढे ३०० ते ५०० तासांनी, किंवा पुस्तकात असेल तसं. पंप कोमट असताना काढलं की गाळही निघतो.

पावसाळ्यातलं पाणी

३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता धरली तर एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. २ एचपीचा पंप तासाला १३-१४ घनमीटर हवा ओढतो. ती ७ बार प्रेशरला दाबून टाकीत थंड झाली की तासाभरात पाव लिटरहून जास्त पाणी सुटतं! म्हणून संध्याकाळी टाकीखालचा ड्रेन कॉक उघडायचाच. टाकी आतून गंजून पातळ झालेली वरून कळत नाही, आणि ती फुटली तर जीव जातो.

पंपातलं ऑइल दुधाळ होण्याचं कारण वेगळं. दिवसभरात दोन-दोन मिनिटंच चालला तर पंप पुरता तापत नाही आणि आत जमलेला ओलावा उडत नाही. ऑइल बदला, मग ड्रेन कॉक किंचित उघडा ठेवून पंप अर्धा तास सलग चालवा.

एअर फिल्टर तुंबला तरी पंप ऑइल ओढतो, कारण वरून हवा मिळत नाही. फोमचा फिल्टर साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून बसवा, पेट्रोल-रॉकेलने नको. थ्री-फेजची वायर सोडून जोडली असेल तर फ्लायव्हीलवरचा बाण आणि फिरण्याची दिशा ताडून पाहा. उलटं फिरलं तरी टाकी भरते, म्हणून शंका येत नाही. पण फ्लायव्हीलच्या पात्यांचा थंड करणारा वारा हेडकडे न जाता उलटा जातो.

आवाज ऐका

मोटार बंद झाल्यावर प्रेशर स्विचपाशी दोन-तीन सेकंद 'फुस्स' झालं तर ठीक. फुसफुस चालूच राहिली तर स्विच बदलू नका, टाकीवरचा एनआरव्ही, म्हणजे हवा मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह, गळतोय. चालू पंपाच्या फिल्टरपाशी तळहात धरा. हवा उलटी हातावर आली तर हवा आत घेणारा सक्शन व्हॉल्व्ह गेला. हेड उघडण्याआधी मेन स्विच बंद करून टाकी रिकामी करा, नाहीतर प्रेशर उतरताच मोटार आपोआप सुरू होईल.

आणि पंप धडधाकट असतानाच एकदा रिकामी टाकी कट-आउटपर्यंत, म्हणजे मोटार आपोआप बंद होईपर्यंत, किती मिनिटांत भरते ते घड्याळ लावून पाहा, ऑइलपेंटने टाकीवर लिहून ठेवा. पुढे वेळ वाढली की पंप थकतोय हे कळतं. त्या गॅरेजवाल्याच्या टाकीवर आता ऑइल बदलल्याच्या तारखेखाली तो आकडा आहे. काचही पुसलेली असते.