चिखलणीच्या आधी इंजिनाकडे बघा, पण स्क्रूला हात शेवटी

मृगाचा पाऊस लागला की मावळ, मुळशी, भोर, वेल्ह्यात बांधावरचं गवत बघता बघता गुडघ्याला लागतं. मग दिवाळीपासून पडवीत पडलेला ग्रास कटर नि पॉवर विडर बाहेर निघतात. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, तरी इंजिन धरत नाही. अशा वेळी पहिला हात जातो तो कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) स्क्रूकडे, आणि बिघाड वाढतो तो तिथूनच. मागच्या हंगामात मशीन नीट चालत होतं ना? मग पडून राहिल्यानं स्क्रू आपोआप फिरत नाही. बिघडतं ते पेट्रोल. (डिझेल टिलरला कार्बोरेटर नसतो, हे सगळं पेट्रोल इंजिनाचं.)

आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा आणि दहा मिनिटं ठेवा. तळाला वेगळा थर किंवा थेंब दिसले तर ते पाणी. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. ते पेट्रोल इंजिनात पुन्हा घालू नका. एअर फिल्टर साफ करा, प्लग काढून बघा. प्लग काळा-ओला असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढुरका असेल तर कमी. फिकट तपकिरी म्हणजे ठीक.

आता लक्षणं. चोक लावला की चालतं, काढला की बंद पडतं, ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. याचा अर्थ बहुतेक वेळा जेट, म्हणजे कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा तुकडा, तुंबलाय. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे पिवळसर, चिकट थर राहतो. जेट काढून उजेडाकडे धरा. आरपार गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. अर्धाच दिसला तर कार्बोरेटर क्लीनर मारा आणि वायरमधली तांब्याची एक बारीक तार फिरवा. टाचणी किंवा पोलादी तार घालू नका. भोक मोठं झालं की तो जेट कायमचा गेला. जेट साफ असूनही तेच होत असेल तर कार्बोरेटर आणि सिलिंडरमधलं गॅस्केट हवा ओढतंय का बघा.

पाच-दहा मिनिटं चालून बंद पडतं? टाकीचं झाकण सैल करून बघा. चाललं, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल गळत असेल तर फ्लोटच्या (वाटीत तरंगून पेट्रोल थांबवणारा भाग) सुईखाली कचरा अडकलाय किंवा सुई झिजलीय. बहुतेक ग्रास कटरला फ्लोट नसतो, पातळ पडदा असतो. तो कडक झाला असेल तर साफ करून भागत नाही, किट बदला.

एवढं करूनही रेस नीट नसेल, तरच स्क्रू. इंजिन चार-पाच मिनिटं गरम होऊ द्या. स्क्रू आधी किती फेरे उघडा होता ते मोजून लिहून ठेवा. कमी रेसवरचं पेट्रोल ठरवणारा ‘एल’ स्क्रू हलकेच फिरवत रेस जास्तीत जास्त वाढेल तिथे आणा, मग किंचित उघडा. नंतर रेसचा स्क्रू असा लावा की आयडलवर, म्हणजे रेस न देता, पातं अजिबात फिरणार नाही. पूर्ण रेसवरचं पेट्रोल ठरवणारा ‘एच’ स्क्रू मात्र आवळू नका. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं. पेट्रोल कमी केलं की ऑइलही कमी होतं. तीन वर्षांपूर्वी आवाज मोकळा लागतो म्हणून मी तो पाव फेरा आवळला आणि त्याच दुपारी पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झाला. ऐन हंगामात सिलिंडरचा खर्च अंगावर आला, शिवाय बांध तसेच राहिले. पूर्ण रेसवर आवाज थोडा भरडा राहू द्या.

टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचं प्रमाण मशीनच्या पुस्तकात असेल तेच: २५:१ म्हणजे लिटरला ४० मिली, ५०:१ म्हणजे २० मिली. मिश्रण आठवड्याला लागेल तेवढंच करा. लावणीनंतर मशीन महिनाभर उभं राहणार असेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. विडर असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून चालवा आणि वाटीचा खालचा बोल्ट ढिला करून उरलेला थेंबही काढा.