जुन्या स्पोर्ट्स कारचा थ्रॉटल उशिरा उचलायचा, शेवटी दोष केबलचा निघाला

पेडल दाबलं की पहिला सेंटीमीटरभर काहीच नाही, मग एकदम झटका, आणि पूर्ण दाबूनही गाडी अर्धवटच पळतेय असं वाटायचं. एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) क्लीनरने पुसली, फरक शून्य. वैताग आला होता राव.

मग इंजिन बंद ठेवून एकाला पेडल तळापर्यंत दाबायला लावलं आणि इनटेक पाइप काढून आत बघितलं तर बटरफ्लाय (थ्रॉटल बॉडीतली हवेची झडप) पाऊणच उघडत होता! पेडलपासून त्याला ओढणारी केबल सैल. (तुमची गाडी ड्राइव्ह-बाय-वायर, म्हणजे पेडलचा इशारा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पोचवणारी, असेल तर हे सोडा, तिथे केबलच नसते.)

थ्रॉटल बॉडीजवळच्या ब्रॅकेटवर केबलला दोन नट असतात, माझ्याकडे १२ एमएमचे. आधी लॉकनट (जुळवणी जागेवर धरून ठेवणारा नट) सैल केला, मग दुसरा थोडा थोडा फिरवून ढील काढत गेलो, पण २-३ एमएम ढील मुद्दाम ठेवली, नाहीतर आयडल (पेडल सोडल्यावरचा इंजिनाचा वेग) चढतो. लॉकनट घट्ट केला, परत पेडल दाबायला लावून बटरफ्लाय पूर्ण उघडतो का बघितलं, आणि सोडल्यावर टपकन बंद होतो का हे तर चार-पाच वेळा, कारण थ्रॉटल अडकला तर खेळ नाही. पाइप बसवून क्लॅम्प आवळला, इंजिन गरम होऊ दिलं, आयडल जागेवर. आता पाय लागताच उचलते.