कळा सुरू झाल्यावर बाईच्या उशाशी कोण असावं?

बाळंतपणाच्या कळा दुखतातच. दुखत नाहीत असं गरोदर बाईला खोटं सांगू नये. पण भीतीनं त्या जास्त दुखतात. घाबरलं की अंगात अ‍ॅड्रेनलिन वाढतं, स्नायू आवळतात, गर्भाशयाला जोर देणारं ऑक्सिटोसिन कमी पडू शकतं. मग वेळ लांबतो, बाई थकते आणि आणखी घाबरते. यात घरच्यांना बरंच काही करता येतं, मात्र सुरुवात सातव्या महिन्यातच करायला हवी.

आधी सोबतीण ठरवा. सरकारी दवाखान्यात प्रसूतीवेळी बाईसोबत एक स्त्री नातेवाईक असू द्यावी, असं केंद्र सरकारनं २०१६ मध्येच सांगितलंय. स्वतः बाळंतपण अनुभवलेली असेल तर उत्तम. ती मानानं ठरवू नका, बाळंत होणारीला विचारा. तिला आईऐवजी थोरली जाऊ हवी असेल तर जाऊच जाईल. दवाखान्यात नियम काय आहे तेही आधीच विचारून ठेवा.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सासर कर्नाटकातल्या खानापूरला, माहेर महाराष्ट्रातल्या चंदगडला असेल तर नवव्या महिन्यात डॉक्टर बदलतो, राज्यही बदलतं. म्हणून आठव्यातच माहेरच्या दवाखान्यात एकदा तपासून घ्या. तायी कार्ड (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं नोंदणी कार्ड), रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफी एकाच पिशवीत ठेवा.

उलट महाराष्ट्रातून बेळगाव, निपाणीकडे आलेल्या सुनेची अडचण भाषेची. ऐन कळांत सिस्टर घाईनं कन्नडात सांगतात आणि हिला वाटतं, आपल्यावर ओरडतायत. पाच शब्द पाठ करून घ्या: नोवु म्हणजे दुखणं, उसिरु म्हणजे श्वास, नीरु म्हणजे पाणी, मुक्कु म्हणजे जोर कर, हेदरब्याड म्हणजे घाबरू नको. सोबतिणीला कन्नड येत असेल तर निम्मी भीती तिथंच जाते.

आता प्रत्यक्ष कळांच्या वेळी. कळ साधारण मिनिटभर टिकते, मग सुटते. कळ येताना नाकानं चार अंक मोजत श्वास आत, तोंडानं सहा ते आठ मोजत बाहेर. सोबतिणीनं तिच्याबरोबर मोठ्यानं श्वास घ्यावा. नुसतं "श्वास घे" म्हणून भागत नाही. कंबर फार दुखत असेल तर माकडहाडाच्या वर, कंबरेच्या खालच्या सपाट हाडावर तळहाताचा मनगटाकडचा भाग ठेवून कळ संपेपर्यंत दाब द्या आणि मग सोडा. जोरजोरात घासू नका, कातडी हुळहुळते. किती दाब हवा हे तीच सांगेल. दोन कळांमध्ये घोटभर पाणी (डॉक्टरांनी बंद केलं नसेल तर), दर दोन तासांनी लघवी, जमेल तितकं चालणं.

बोटांना मुंग्या आल्या, गरगरलं तर ती फार भरभर श्वास घेतेय; श्वास बाहेर सोडणं लांबवा. गर्भपिशवीचं तोंड पूर्ण, म्हणजे १० सेंटीमीटर, उघडायच्या आत जोर लावायला लावू नका. त्यानं ती उगाच दमते आणि पिशवीच्या तोंडाला सूज येऊ शकते. दुखणं असह्य झालं तर औषध मागायला लाजू नये. एपिड्युरल (कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीत देतात ते इंजेक्शन) हवं असेल तर भूलतज्ज्ञ आहेत का हे आधीच विचारावं, सगळीकडे ती सोय नसते.

जिभेवरही ताबा हवा. "आम्ही शेतात बाळंत झालो, हिचंच काय एवढं!" हे वाक्य डोहाळजेवणातही नको. टाके, सिझर, दगावलेल्या बाळांच्या कहाण्या तिच्यासमोर काढू नका. मुलगा होईल या अपेक्षेचं ओझं तर कित्येकींच्या छातीवर असतं, म्हणून सासूनं आधीच स्पष्ट बोलून ते उतरवावं: "काहीही झालं तरी आपलंच."

आणि सगळंच भीतीवर ढकलू नका. दोन कळांच्या मध्येही पोट न सुटता कडक राहिलं, रक्त गेलं, हिरवट पाणी गेलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढं अंधारी आली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर लगेच सिस्टरला सांगा. घरी असाल तर १०८. सीमेच्या दोन्ही बाजूंना नंबर तोच आहे.