विमानातलं अर्थिंग : या चुका टाळा

विमानाला जमिनीत पुरलेली अर्थिंगची पट्टी नसते. ११५ व्होल्ट ४०० हर्ट्झचा एसी असो की २८ व्होल्टचा डीसी, अ‍ॅल्युमिनियमच्या विमानात करंट परत येतो तो सांगाड्यातून. ग्राउंड स्टडवरचा (परतीची वायर सांगाड्याला जोडायच्या बोल्टवरचा) नट म्हणजे त्या सर्किटचाच भाग, हे नव्या मुलांच्या गळी उतरवताना माझा जीव जातो.

सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक म्हणजे रंगावरच लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, बसवणं. आमच्याकडे एका विमानात एक टीआरयू (एसीचा डीसी करणारं युनिट) उड्डाणात बंद पडायचा, जमिनीवर मात्र ठणठणीत. दोन युनिट बदलली. दोन्ही वर्कशॉपमधून ‘दोष नाही’ असा शेरा घेऊन परत आली. तिसऱ्या रात्री लोड देऊन पाहिला, पॉवर बंद केली आणि रिटर्न वायरच्या स्टडला हात लावला. चटका बसला. लग काढला तर खाली पिवळट-हिरवा प्रायमर! आधीच्या दुरुस्तीत कुणीतरी ब्रॅकेट बदलून तो छान रंगवून ठेवला होता आणि सगळा करंट बोल्टच्या आट्यांतून जात होता. १० मिलिओहमच्या सांध्यातून १०० अँपिअर गेले, तर तिथे १०० वॉट उष्णता तयार होते. तीही एका बोल्टात.

एप्रिल २०२१मध्ये बोइंग ७३७ मॅक्सची काही विमानं उभी करावी लागली, तीही उत्पादनाच्या पद्धतीतल्या बदलामुळे काही भागांचं ग्राउंड अपुरं राहिलं म्हणून.

मी लगपेक्षा थोडी मोठी जागा उघडी करतो, पुसतो, मॅन्युअल सांगेल तिथे कन्व्हर्जन कोटिंग (गंज रोखणारा पातळ रासायनिक थर) देतो आणि काम अर्धवट सोडून उठत नाही. अ‍ॅल्युमिनियमवर वीज अडवणारा ऑक्साइड लगेच चढतो. जागा घासून चहाला गेलेल्याला मी परत घासायला लावतो. मग टॉर्क, म्हणजे नट ठरलेल्या जोराने आवळणं, मग रोधाचं मोजमाप. सीलंट सर्वांत शेवटी.

दुसरी चूक मल्टिमीटरच्या बीपवर विसंबण्याची. त्याच्या वायरींचाच रोध ०.१-०.२ ओहम असतो, आणि आपल्याला मोजायचे असतात दोन-तीन मिलिओहम. बीपचा अर्थ एवढाच, की वायर तुटलेली नाही. चार तारांचा मिलिओहममीटर स्टोअरमधून आणायला दहा मिनिटं लागतात. ती वाचवणाऱ्याच्या कामावर मी सही करत नाही. ‘ओके’ नको, आकडा लिहा.

एका स्टडवर चारपेक्षा जास्त लग नकोत. एसी आणि डीसीचे ग्राउंड वेगवेगळ्या स्टडवर. स्टील वूलने घासू नका, त्याचे कण मागे राहून गंजतात.

आणि बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५०वर ‘जवळचा बोल्ट’ शोधू नका. तिथलं कार्बन फायबर परतीचा करंट वाहून नेण्यासाठी नाही, त्यासाठी धातूचं वेगळं जाळं दिलेलं असतं. ड्रॉइंगमध्ये दाखवलेला स्टड हाताला लागत नसेल, तर पॅनेल उघडा.