अ‍ॅपमध्ये क्रेडिट कार्डने पैसे कसे घ्यावेत

देवगड हापूसच्या पेट्या विकणारे एक छोटे अँड्रॉइड अ‍ॅप आहे असे धरू. पेटीचा दर २,४०० रुपये. गिऱ्हाइकाला अ‍ॅपमधूनच क्रेडिट कार्डने पैसे भरता यावेत, एवढे आपल्याला करायचे आहे. एक गोष्ट आधीच पक्की करा: पैसे आले का, याचे उत्तर नेहमी तुमच्या सर्व्हरने द्यायचे. फोनच्या पडद्यावर काय दिसते त्याच्या भरवशावर पेटी रवाना करायची नाही.

आंबे, कपडे, घरपोच सेवा अशा गोष्टींसाठी पेमेंट गेटवे, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेकडून पैसे घेऊन तुमच्यापर्यंत पोहोचवणारी मधली सेवा, लावता येतो. अ‍ॅपमध्येच वापरायच्या डिजिटल गोष्टी विकत असाल, तर गुगल आणि अ‍ॅपल यांचे बिलिंगचे नियम वेगळे आहेत. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर अ‍ॅप स्टोअरवरून परत येईल.

गेटवेचे खाते

रेझरपे, कॅशफ्री, पेयू यांसारख्या कंपन्या ही सेवा देतात. खात्यासाठी पॅन, व्यवसायाचा पुरावा, बँक खाते आणि असल्यास जीएसटी क्रमांक लागतो. परताव्याचे नियम, अटी आणि संपर्काचा पत्ता अ‍ॅपमध्ये किंवा संकेतस्थळावर दिसायला हवा. केवायसी अडकते ते बहुतेक वेळा याच पानांपाशी.

गेटवेचे शुल्क २ टक्के धरले तर २,४०० रुपयांवर ४८ रुपये कापले जातात आणि त्या ४८ वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८.६४ रुपये. हातात येतात २,३४३.३६ रुपये. पेटीचा दर ठरवतानाच हा हिशेब धरा.

ऑर्डर सर्व्हरवर तयार करा

गिऱ्हाइकाने ‘पैसे भरा’ दाबले की अ‍ॅपने सर्व्हरला फक्त कोणती पेटी आणि किती नग एवढेच कळवावे. रक्कम सर्व्हरने आपल्या दरपत्रकातून काढावी आणि त्या रकमेची ऑर्डर गेटवेकडे नोंदवावी. अ‍ॅपने पाठवलेली रक्कम मान्य केलीत, तर कोणीही ती वाटेत बदलून २,४०० ची पेटी एका रुपयात घेऊ शकतो.

बरेच गेटवे रक्कम रुपयांऐवजी पैशांत मागतात. २,४०० रुपयांसाठी २४०००० पाठवायचे. नुसते २४०० पाठवले तर गिऱ्हाइकाच्या कार्डावरून २४ रुपये जातात आणि पेटी ‘पैसे मिळाले’ म्हणून सुटते. हिशेब पहिल्यापासून पूर्णांक पैशांतच ठेवा. १९.९९ ला १०० ने गुणले की संगणकाच्या दशांश गणितात १९९८.९९९… असे काहीतरी येते आणि एका पैशाचा फरक पडतो.

गेटवेची सिक्रेट की, म्हणजे तुमच्या खात्याची गुप्त किल्ली, सर्व्हरवरच राहिली पाहिजे. अ‍ॅपची फाइल उलगडून आतला मजकूर वाचणे मुळीच अवघड नाही.

कार्डाचा पडदा गेटवेचाच वापरा

सर्व्हरकडून ऑर्डर आयडी आला की गेटवेची एसडीके, म्हणजे अ‍ॅपमध्ये जोडायचा गेटवेचा तयार कोड, उघडा. कार्ड क्रमांक आणि सीव्हीव्ही तिथेच टाकले जातात आणि बँकेचा ओटीपीही तिथेच. स्वतःची सुंदर चौकट बनवून क्रमांक घेण्याचा मोह टाळा. तसे केलेत की पीसीआय डीएसएस या कार्ड उद्योगाच्या सुरक्षा नियमांचे मोठे ओझे तुमच्यावर येते. शिवाय १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क सोडून कोणालाही कार्डाचा तपशील साठवता येत नाही. ‘कार्ड लक्षात ठेवा’ ही सोय हवी असेल तर गिऱ्हाइकाची संमती घेऊन गेटवेमार्फत टोकन (कार्ड क्रमांकाऐवजी वापरायचा पर्यायी क्रमांक) करून घ्यावे लागते.

पैसे खरेच आले का?

व्यवहार झाला की अ‍ॅपला पेमेंट आयडी आणि सिग्नेचर (निरोप गेटवेचाच आहे हे पटवणारी सांकेतिक खूण) मिळते. ती सर्व्हरवर पाठवून सिक्रेट की वापरून तपासा. पण सर्वाधिक गडबड याच टप्प्यावर होते. ओटीपी पाहायला गिऱ्हाईक मेसेजच्या अ‍ॅपमध्ये जाते, कमी मेमरीचा फोन तेवढ्यात तुमचे अ‍ॅप बंद करतो आणि बँकेकडे पैसे कापले गेलेले असतात. अ‍ॅपला काहीच कळत नाही. गिऱ्हाईक घाबरून पुन्हा पैसे भरते.

म्हणून दोन गोष्टी करा. एसडीके उघडण्याआधी ऑर्डर आयडी फोनमध्ये जपून ठेवा आणि अ‍ॅप पुन्हा उघडले की सर्व्हरला त्या ऑर्डरची स्थिती विचारा. तोवर ‘पेमेंट फसले’ असे लिहू नका, ‘बँकेकडून खात्री करत आहोत’ असे लिहा. दुसरे म्हणजे वेबहुक लावा, म्हणजे गेटवे थेट तुमच्या सर्व्हरला निरोप देईल. वेबहुकची सिग्नेचर तपासताना आलेला मजकूर जसाच्या तसा वापरा. तो जेसन या मांडणीत असतो; तो उलगडून पुन्हा जुळवलात तर एखादी मोकळी जागा बदलते आणि खरा निरोपही खोटा ठरतो. एकच निरोप दोनदा येऊ शकतो, मागचा पुढेही येऊ शकतो. पेमेंट आयडी आधी नोंदलेला असेल तर दुसरी पेटी काढायची नाही.

पैसे कापले गेले पण तुमच्यापर्यंत खात्री पोहोचली नाही, अशा ऑनलाइन कार्ड व्यवहारात व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत पैसे परत जावेत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. फोन करणाऱ्या गिऱ्हाइकाला हे नीट समजावून सांगा.

चाचणी

गेटवेच्या टेस्ट मोडमध्ये (यात खरे पैसे जात नाहीत) यशस्वी, नाकारलेला आणि मध्येच सोडून दिलेला असे तिन्ही व्यवहार करून पाहा. ओटीपीच्या पडद्यावर असताना अ‍ॅप हाताने बंद करून पाहायला विसरू नका. लाइव्ह करताना, म्हणजे खरे पैसे घ्यायला सुरुवात करताना, अ‍ॅपमधली उघडी की आणि सर्व्हरवरची सिक्रेट की अशा दोन्ही एकदमच बदला. एक टेस्ट आणि एक लाइव्ह राहिली की ऑर्डर सापडतच नाही. शेवटी स्वतःच्या कार्डाने छोटी रक्कम भरा, ती परत करा आणि परतावा कार्डाच्या हिशेबात उमटेपर्यंत थांबा. त्याला साधारण ५ ते ७ कामाचे दिवस लागतात, आणि कापलेले शुल्क बहुधा परत मिळत नाही.