गल्ल्याचे दोन भाग: सात पानांचा हाय-लो पोकर कसा खेळावा

पोळ्याच्या सुमारास झड लागली की चार-चार दिवस वावरात पाय घालता येत नाही. डवरणी थांबते, फवारणी थांबते आणि ओसरीवर पत्त्यांचा कॅट निघतो. आमच्या घरी त्या दिवसांत पूर्वी तीन पत्ती नाहीतर मेंढीकोट चालायचा. आता सेव्हन कार्ड स्टड हाय-लो या पोकरच्या प्रकाराने दोन्हींची जागा घेतली आहे. प्रत्येकाला सात पानं मिळतात आणि गल्ल्याचे, म्हणजे सगळ्यांनी मिळून मधे टाकलेल्या पणाचे, दोन भाग होतात. अर्धा सर्वांत मोठ्या हाताला, अर्धा सर्वांत लहान हाताला. तीन पत्तीत जी दुर्री-तिर्री पाहून आपण पान टाकतो, तिलाच इथे किंमत येते, म्हणून मला हा खेळ मनापासून आवडतो.

आम्ही तो पैशावर खेळत नाही. पोळ्याच्या जुगारात बैलजोडीचे पैसे घालवलेलं घर मी जवळून पाहिलं आहे, आणि १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदाही महाराष्ट्रात लागू आहे. तुरीचा दाणा म्हणजे एक, चिंचोका म्हणजे पाच. प्रत्येकाला ५० दाणे आणि १० चिंचोके द्या. तेवढ्यात दुपार सहज निघते.

तीन पत्ती येणाऱ्याने आधी हातांचा क्रम नव्याने पाठ करावा. सातपैकी कोणतीही पाच पानं धरायची असतात. खालून वर क्रम असा: सुटी पानं, जोडी, दोन जोड्या, तीन सारखी, सिक्वेन्स म्हणजे ओळीने लागून आलेली पाच पानं, कलर म्हणजे पाचही एकाच रंगाची, जसे सगळे बदाम, फुल हाउस म्हणजे तीन सारखी आणि सोबत एक जोडी, मग चार सारखी आणि शेवटी प्युअर सिक्वेन्स म्हणजे एकाच रंगाचा सिक्वेन्स. तीन पत्तीत सगळ्यांच्या वर बसणारी ट्रेल, म्हणजे तीन सारखी, इथे सिक्वेन्सच्याही खाली उतरते. कलर मात्र सिक्वेन्सच्या वर चढतो, आणि यावरून पहिल्या दिवशी भांडण ठरलेलं. कारण साधं आहे. तीन पानांत कलर १,०९६ प्रकारे बनतो आणि साधा सिक्वेन्स ७२० प्रकारे, म्हणून तिथे सिक्वेन्स भारी. पाच पानांत कलर ५,१०८ प्रकारे आणि सिक्वेन्स १०,२०० प्रकारे बनतो. जो हात कमी वेळा येतो तो मोठा, एवढाच हिशेब.

आता वाटप. जोकर काढा, पानं पिसा, कापून घ्या. प्रत्येकाने बूट म्हणून एक दाणा गल्ल्यात टाकायचा. मग प्रत्येकाला दोन पानं पालथी आणि तिसरं उघडं. ज्याचं उघडं पान सर्वांत लहान, त्याला दोन दाणे टाकावेच लागतात. दोघांचं सारखं निघालं तर किलवर सर्वांत खाली, मग चौकट, बदाम, इस्पिक. एक्का इथे मोठा धरतात. त्याच्या डावीकडचा पुढे बोलतो: पॅक करा म्हणजे पानं टाकून डाव सोडा, दोन देऊन राहा, नाहीतर पाच करा. चाल, म्हणजे टाकायचे दाणे, वाढवायची असेल तर दर वेळी तेवढीच पाचने, आणि एका फेरीत तीनदाच.

चौथं, पाचवं आणि सहावं पान उघडं येतं आणि प्रत्येक पानानंतर चालीची एक फेरी होते. आता पहिलं बोलणं ज्याची उघडी पानं सर्वांत भारी दिसतात त्याचं. पाचव्या पानापासून चाल पाचाऐवजी दहाची. सातवं पान पालथं, त्यावर शेवटची फेरी, मग शो, म्हणजे सगळ्यांनी पानं उघडायची. तीन पत्तीतलं ब्लाइंड (पानं न पाहता चाल) नाही, साइड शो (शेजाऱ्याशी गुपचूप पानं ताडणं) नाही.

लहान हाताचे नियम नीट समजून घ्या, कारण खेळाचा जीव तिथे आहे. पाच वेगवेगळी पानं लागतात आणि सगळी अठ्ठी किंवा त्याहून खालची. एक्का लहान हातात एक धरतात आणि मोठ्या हातात तोच सर्वांत वर. जोडी चालत नाही. सिक्वेन्स किंवा कलर झाला तरी लहान हात बिघडत नाही. त्यामुळे एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी हा सर्वांत चांगला लहान हात आहे, शिवाय तोच मोठ्या बाजूने सिक्वेन्सही आहे. दोन्ही हातांसाठी पानं वेगवेगळी निवडता येतात, एकच पान दोन्हीकडे चालतं. कोणाचाच लहान हात बसला नाही तर पूर्ण गल्ला मोठ्या हाताचा.

दोन लहान हातांत कोणता सरस, यावर घोळ होतो. मी मुलांना एक युक्ती शिकवली आहे. पानं मोठ्यापासून लहानाकडे लावा आणि एक आकडा म्हणून वाचा. एकाकडे ८४३२१, दुसऱ्याकडे ७६५४३. लहान आकडा जिंकला, म्हणजे दुसरा.

गेल्या पोळ्याचा एक डाव पानापानाने सांगतो. आम्ही पाच जण होतो. वहिनीची पालथी पानं बदामाचा एक्का आणि बदामाचीच चौकी, उघडी बदामाची तिर्री. काकाजींकडे दोन राजे पालथे, उघडी किलवरची राणी. दादाकडे एक्का-दुर्री पालथे आणि वर चौकटची छक्की. तिर्री सर्वांत लहान, म्हणून वहिनीने दोन दाणे टाकले. काकाजींनी लगेच पाच केले. माझ्यासमोर बदामचा गुलाम होता, मी पॅक केलं. पाचव्याने किलवरची दश्शी टाकली.

चौथ्या पानाला वहिनीला किलवरची नव्वी आली. पाचव्याला बदामाची सत्ती, सहाव्याला इस्पिकची पंजी. इथे तिचा लहान हात पक्का झाला: ७५४३१. शिवाय चार बदाम हातात, आणि बाहेर दिसलेला बदाम फक्त माझा गुलाम. दुर्री आली तरी सिक्वेन्स, छक्की आली तरी सिक्वेन्स. काकाजींसमोर दोन राण्या उघड्या, ते दर फेरीला दहा टाकत होते. दादाचा लहान हात ८६४२१ झाला होता, तोही सोडेना. सातवं पान आलं. शोला काकाजींनी राजे-राण्या मांडल्या आणि गल्ल्याला हात लावला.

“काकाजी, माये बदाम त मोजा न,” वहिनी म्हणाली.

सातवी बदामाची दश्शी होती. कलर झाला, लहानही तिचाच. पूर्ण गल्ला गेला.

आता दाणे मोजा. गल्ल्यात १२५ होते, त्यांत तिघांचे प्रत्येकी ४१ आणि पॅक केलेल्या आम्हा दोघांच्या बुटाचे दोन. वहिनीचे निव्वळ ८४ सुटले. तोच शेवटचा बदाम आला नसता तर तिला लहान हाताचे ६२ मिळाले असते आणि काकाजींना ६३, कारण उरलेला एक दाणा मोठ्या हाताकडे जातो. म्हणजे तिचा फायदा २१, चौपट कमी. त्यात दादाचाही हात ७५४३१ असता तर ते ६२ दोघांत वाटले जाऊन तिला ३१ मिळाले असते. डाव जिंकूनही दहा दाण्यांची खोट.

म्हणून पहिली तीन पानं पाहतानाच विचारा: ही दोन्हीकडे जाऊ शकतात का? एकाच रंगाची तीन लहान पानं, तिर्री-चौकी-पंजीसारखी लागून असलेली पानं, किंवा एक्क्यांची जोडी आणि सोबत लहान पान असेल तर खेळा. तीन सारखी आली तर अर्थातच खेळा. राजांची जोडी समोर सगळी लहान पानं असताना फार ओढू नका, ती बहुतेक वेळा अर्ध्याच गल्ल्यासाठी लढते. नव्वी, दश्शी, गुलाम असा लागून आलेला हात तीन पत्तीत सोन्यासारखा, इथे सोडून द्यावा.

टाकलेली उघडी पानंही ध्यानात ठेवा. तुम्हाला पंजी हवी आणि तीन पंज्या समोरून गेल्या असतील तर चौथीच्या आशेवर दहा-दहा टाकण्यात अर्थ नाही. आमच्या घरात सगळ्यात जास्त दाणे याच चुकीने जातात.

नवखे असतील तर पहिले तीन-चार डाव सगळी पानं उघडी ठेवून खेळा आणि दर फेरीला मोठा कोण, लहान कोण हे मोठ्याने बोला. सात जणांना ४९ पानं पुरतात. आठ जण बसले तर ५६ लागतात, पण मधे कोणी ना कोणी पॅक करतोच. तरीही पानं संपली तर सातवं पान सगळ्यांसाठी मिळून एकच, मधोमध उघडं ठेवतात.