‘तो पडला नसता तर…’: जायबंदी सायकलपटूवरचा वाद नीट कसा घालावा

जुलैत टूर द फ्रान्सचा, म्हणजे फ्रान्समधल्या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीचा, रोजचा टप्पा आपल्याकडे रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास संपतो. दिवसभर पऱ्हाटीत डवऱ्यामागं चाललेली मंडळी पारावर मोबाइलभोवती जमतात आणि जुना वाद निघतोच. “अबे, पिनो पडला नसता तं 2019 ची टूर त्याचीच होती!” “काहून पडते मंग तो दर साली?” दोघंही चुकतात. 2019 ला फ्रान्सचा सायकलपटू तिबो पिनो पडून बाहेर गेला नव्हता. डाव्या मांडीचा स्नायू फाटला आणि एकोणिसाव्या टप्प्यात त्यानं रडत सायकल सोडली. दुखापतींनी अडवलेल्या खेळाडूवर सगळ्यात मोठा अन्याय इथंच होतो. पडणं, आजारपण, स्नायू, नशीब असं सगळं एकाच पोत्यात भरलं जातं. ते वेगळं करायची पद्धत खाली दिली आहे.

आधी वही

दोनशे पानी वही घ्या. एका खेळाडूला समोरासमोरची दोन पानं द्या. डाव्या पानावर सहा रकाने आखा: साल, वय, शर्यत, निकाल, सोडली असेल तर कारण, आणि त्या सकाळी तो एकूण कितवा व पहिल्या नंबरच्या किती मागे होता. उजवं पान दुखापतीनंतरच्या परतीसाठी. निकालपत्रात डीएनएफ म्हणजे टप्पा सुरू केला पण पुरा केला नाही, डीएनएस म्हणजे त्या दिवशी निघालाच नाही, ओटीएल म्हणजे पोचला पण ठरलेल्या वेळेबाहेर. ही तिन्ही सारखी धरली की पान खोटं होतं. कारण मात्र निकालपत्रात सापडत नाही. संघाचं त्या दिवसाचं निवेदन शोधा, आणि मिळालं नाही तर रकाना कोरा ठेवा. अंदाजानं “पडला असंल” लिहिलं की पुढच्या साली तेच पुरावा म्हणून समोर येतं.

पिनोचं पान असं भरतं. जन्म 29 मे 1990. 2012, वय 22: पहिली टूर, एक टप्पा जिंकला, एकूण दहावा. 2014: टूरमध्ये तिसरा, तरुणांची पांढरी जर्सीही त्याचीच. 2016: टूर सोडली, श्वासनलिकेचा दाह. 2018: जिरोत (इटलीची तीन आठवड्यांची शर्यत) विसाव्या टप्प्याच्या सकाळी तिसरा, त्याच दिवशी कोसळला, न्यूमोनिया, त्याच वर्षी ऑक्टोबरात लोम्बार्दिया ही इटलीतली एका दिवसाची शर्यत जिंकली. 2019: टूरमध्ये टूरमाले या डोंगरावरचा टप्पा जिंकला, मग मांडी गेली, त्या सकाळी पाचवा, 1 मिनिट 50 सेकंद मागे. 2020: नीसला पहिल्याच टप्प्यात पडला, पाठ धरली, शेवटी 29 वा. 2023: जिरोत पाचवा, डोंगरांची जर्सी जिंकली आणि हंगामाअखेर निवृत्त.

आता कारणांचा रकाना वाचा. पडल्यामुळं गेलेली मोठी शर्यत एकच, 2020 ची. दोन छातीच्या आजारानं गेल्या, एक स्नायूनं. “दर साली पडते” हे इथंच निकालात निघतं. पण “निव्वळ नशीब” हेही टिकत नाही. तीन आठवड्यांच्या शर्यतीत रोज रात्री शरीर सावरणं आणि आजार लांब ठेवणं हाही परीक्षेचाच भाग आहे, आणि त्या भागात पिनो कच्चा होता. चढावरच्या त्याच्या गुणाला यानं धक्का लागत नाही.

कोणतं हाड, कोणता स्नायू

खांद्याजवळचं कॉलरबोन एकटं मोडलं तर त्याला फार वजन देऊ नका. धातूची पट्टी बसवून खेळाडू आठवडाभरात घरातल्या ट्रेनरवर (जागच्या जागी चालवायची सायकल) बसतो आणि साधारण महिना-दीड महिन्यात शर्यतीला येतो. एगान बर्नालचं कॉलरबोन 2019 च्या मे महिन्यात मोडलं, जिरो हुकली, आणि जुलैत त्यानं टूर जिंकली. वय तेव्हा 22.

मांडीचं हाड, खुबा, गुडघ्याची वाटी यांचा हिशेब वेगळा. महिनोन् महिने भार न पडल्यानं त्या बाजूचा स्नायू वाळतो. मग दोन्ही पाय सारखा जोर लावत नाहीत. एक बैल दबला की वखर जसा एकीकडं ओढतो, तसंच इथं होतं: कंबर वाकडी बसते, पाठ भरून येते, आणि चांगल्या पायावरही दुखणं चढतं. हे चढावर लगेच दिसत नाही. पाहायचं असेल तर घड्याळाविरुद्धच्या एकट्याच्या शर्यतीत पाहा. तिथं हँडलवर लांब पडून, खुबा आवळून तास-अर्धा तास बसावं लागतं. दुखावलेला खेळाडू दर दोन-तीन मिनिटांनी बूड उचलतो, सीटवर पुढं-मागं सरकतो. ही हालचाल मोजा, वहीत लिहा.

बर्नालच्याच पानावर पुढची नोंद आहे. जानेवारी 2022 मध्ये कोलंबियात सराव करताना तो उभ्या बसवर मागून आदळला. मांडीचं हाड, गुडघ्याची वाटी, मणके, बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली. त्याच ऑगस्टमध्ये तो डेन्मार्कच्या शर्यतीत उतरला. 2023 च्या टूरमध्ये 36 वा आला. व्हुएल्तातला (स्पेनची तीन आठवड्यांची शर्यत) टप्पा जिंकायला 2025 उजाडलं. म्हणून उजव्या पानावर दोन तारखा वेगळ्या ठेवा: शर्यतीत परत आला ती, आणि वरच्या दर्जावर परत जिंकला ती. एक जण पहिलीवर बोलतो, दुसरा दुसरीवर, आणि रात्रीचे अकरा वाजतात.

स्पेनच्या होसेबा बेलोकीचं उजवं पान जवळपास रिकामंच राहतं. टूरमध्ये 2000 आणि 2001 ला तिसरा, 2002 ला दुसरा. 14 जुलै 2003 ला गापकडं उतरताना उन्हानं वितळलेल्या डांबरावर मागचं चाक घसरलं आणि मांडीचं हाड, कोपर, मनगट मोडलं. पुन्हा तो टूरच्या पहिल्या तिघांत आला नाही. आपल्याकडं मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं, तोच हा धोका. काळा चकाकणारा पट्टा दिसला की ब्रेक वळणाआधी, सरळ रस्त्यावरच संपवायचा.

‘जर’ एकदाच वापरा

पिनोची मांडी बरी धरायची असेल तर बाकी सगळं होतं तसंच ठेवा. दहाव्या टप्प्यात आल्बीकडं जाताना आडव्या वाऱ्यानं घोळका फुटला आणि त्यात त्याचे 1 मिनिट 40 सेकंद गेले. ती दुखापत नव्हती, जागा धरण्यातली चूक होती. ते सेकंद परत देता येत नाहीत. आणि सगळ्यांनाच बरं करायचं ठरलं, तर जूनमध्ये दोफिने या टूरआधीच्या शर्यतीच्या वेळी भिंतीवर आदळलेला, तोवर चार टूर जिंकलेला क्रिस फ्रूमही त्या शर्यतीत येतो. बर्नालचं कॉलरबोन जोडलं तर तो जिरोला जातो, टूरला ताजा येत नाही. एवढं मांडून झाल्यावर आमचं मत असं: एकोणिसाव्या टप्प्याच्या सकाळी पिनो बर्नालपेक्षा फक्त 20 सेकंद मागे होता, पुढं आल्प्सचे डोंगर होते, म्हणून निरोगी असता तर जिंकण्याची संधी खरी होती. खात्री मात्र नव्हती.

चढाचा आकडा

“पहिल्यासारखा राहिला नाही” हे म्हणण्याआधी मोजा. चढाची उंची मीटरमध्ये घ्या, वेळेनं भागून ताशी मीटर काढा. मग चढाच्या टक्क्याला (100 मीटरमागं किती मीटर वर) 10 नं गुणून त्यात 200 मिळवा आणि ताशी मीटरला त्या आकड्यानं भागा. उत्तर येतं ते वजनाच्या किलोमागे वॅट, म्हणजे लावलेली ताकद. टूरमधला प्रसिद्ध चढ आल्प द्युएझ 13.8 किलोमीटर, 8.1 टक्के, उंची सुमारे 1,120 मीटर. कोणी 40 मिनिटांत चढला तर ताशी 1,680 मीटर. भागिले 281, म्हणजे जवळपास 6.

हे फसतं ते तीन ठिकाणी. चढ 5 टक्क्यांखाली असला तर बरीच ताकद हवा कापण्यात जाते आणि सूत्र चुकतं. त्यामुळं परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना स्वतःला मोजायचं असेल तर घाटातला सलग उभा तुकडाच निवडा, पूर्ण रस्ता नको. दुसरं, समोरचा वारा किंवा पुढं संघाची रांग. तिसरं, मोबाइलवरची उंची. ती नकाशाच्या समोच्च रेषांवरून पडताळा. एका चढावर निकाल देऊ नका. अपघाताआधीचे तीन आणि नंतरचे तीन, प्रत्येक 20 मिनिटांपेक्षा मोठा, एवढे तरी घ्या. फरक 0.2 च्या आत असेल तर तो फरक नाही.

निकाल देताना

कोणत्या शर्यतीनं मोजता ते आधी ठरवा. प्रिमोझ रोग्लिच टूरमध्ये 2021, 2022 आणि 2024 ला पडून बाहेर गेला. फक्त टूर पाहिली तर ‘राहून गेलेला’. पण चार व्हुएल्ता, 2023 ची जिरो आणि टोकियो ऑलिम्पिकचं सुवर्ण त्याच्याच पानावर आहे. रिची पोर्ट 2017 ला मों द्यु शाच्या उतारावर खुबा आणि कॉलरबोन मोडून गेला, 2018 ला पुन्हा नवव्याच टप्प्यात कॉलरबोन. त्याला मोडीत काढणारे खूप होते. 2020 ला वयाच्या 35 व्या वर्षी तो टूरमध्ये तिसरा आला. म्हणून खुबा किंवा मांडीच्या हाडानंतर पुरे दोन हंगाम शेवटचा रकाना पेन्सिलीनं भरा.

सध्या चालू असलेलं पान रेमको एवेनेपूलचं. 2020 च्या लोम्बार्दियात पुलावरून खाली पडून खुबा मोडला, 2022 ला व्हुएल्ता आणि विश्वविजेतेपद, 2024 ला पॅरिसमध्ये दोन सुवर्णं, त्याच डिसेंबरात सरावात टपालगाडीच्या उघड्या दारावर आदळून बरगडी, खांद्याचं पातं आणि हात मोडला. त्याला दोन पानं पुरणार नाहीत. सुरुवातीलाच चार सोडा.